खिडकीमागच्या बाईचं नाव

आमच्या लेकीला, कुंदाईला, एम.ए.साठी विषय मिळाला तोही आमच्याच हालांचा. पैशाचा इतिहास म्हणे! तो काय जगात दुसरीकडे घडला नाही? पण नाही. हरारेत शिकणारी ही पोरगी लिहिणार दोन हजार आठ सालावर. नोटांवरची शून्यं कशी वाढली, बँका कशा रिकाम्या झाल्या, त्यावर. मी म्हटलं, "अगं, त्यात शिकायचंय काय? आपल्या ग्वेरू गावात कुणालाही विचार, त्या विषयात इथे सगळेच डॉक्टर आहेत."

"तेच विचारायला येतेय," ती फोनवर म्हणाली.

शनिवारी आली ती रेकॉर्डर आणि फॉर्म घेऊनच. मी नुकतीच जुन्या कपड्यांचं गाठोडं विकून आले होते, पाय सुजून हे एवढे झालेले. वीज नाही, नळाला पाणी नाही. आता मी चुलीवर मक्याच्या पिठाचा साद्झा ढवळायचा की लेकीला इतिहास सांगायचा? अख्खी उमर बँकेच्या खिडकीत गेली माझी. निवृत्तीचे म्हणून जे हातात पडले त्यात एक पाव आला असता, आणि तोही त्या दिवशी बेकरीत नव्हता. तेव्हापासून कपडे विकते. दमलेय बाई मी. बोलायचंसुद्धा जिवावर येतं.

पण पोरीचंही अडलं होतं. रांगेत उभी राहिलेली माणसं तिला ढिगानं भेटली, खिडकीच्या आतलं मात्र एक माणूस बोलेना. माझ्याबरोबरचे अर्धे वर गेले, उरलेले इंग्लंडात गोऱ्या म्हाताऱ्यांची अंगं पुसतायत. तिच्या सरांनी, डॉक्टर ग्वेक्वेरेरेंनी, बजावलं होतं की बँकेच्या आतली साक्ष नसेल तर प्रबंध पुढे पाठवणार नाही. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता चुकली की एम.ए. गेलं, आणि माझ्या गाठोड्यांतून भरलेली फीसुद्धा.

"बरं, विचार," मी म्हटलं.

"आधी इथे सही कर. आणि एक खोटं नाव निवड."

"खोटं कशाला?"

"नियम आहे आई. साक्षीदाराचं खरं नाव छापायचं नाही. तुझ्याच भल्यासाठी आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं भलं! त्या साली कुठे गेलं होतं गं ते? माझ्या खिडकीवर नावाची पाटी होती, स्पिवे चिकोमो. सगळं गाव ती वाचायचं आणि माझ्या नावाने खडे फोडायचं. चर्चमध्ये बायका शेजारी बसेनात. जशा काही नोटा मीच खाल्ल्या! शिव्या खाल्ल्या खऱ्या नावाने, आणि उत्तर द्यायचं खोट्या नावाने? खरं नाव घालणार असशील तर बोलते. नाहीतर ऊठ आणि भाजी चीर."

ती अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"सर म्हणतात, आधी सगळं सांगू दे. सांगून झाल्यावरही हट्ट कायम असेल तर ते विद्यापीठाच्या समितीशी भांडतील."

"हट्ट म्हणाले?"

"आग्रह म्हणाले."

"मग ठीक आहे. लाव तुझं यंत्र."

सांगत गेले. पहाटेपासून लागलेल्या रांगा, मुख्य कचेरीतून येणारी पैशांची पेटी, ती रोज हलकी होत गेलेली. माणशी किती द्यायचे त्याची मर्यादा. सकाळी दिलेल्या पैशांत संध्याकाळी निम्मंही येत नसे. आम्हा नोकरांनाही तेवढेच, वर एक नोट नाही. कुंदाई मध्येमध्ये तारीख विचारायची, लिहून घ्यायची. एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं विचारत होती, आणि मलाही ते बरं वाटत होतं.

"एक दिवस तुझे बाबा रांगेत होते," मी म्हटलं, आणि तिचं पेन थांबलं.

"तू बोर्डिंगला होतीस. त्यांच्या साखरेचं औषध संपलं होतं. त्यांचा मास्तरकीचा पगार खात्यात होता, पण तो काढायला स्वतःच यावं लागे. घरून निघतानाच आमचं ठरलं होतं, बँकेत ओळख दाखवायची नाही. लोक म्हणाले असते, बाई नवऱ्याला आधी देते. दुपारपर्यंत उन्हात उभे होते. त्यांच्यापुढे दोघंच राहिले आणि माझा गल्ला संपला. मागून शिव्या सुरू झाल्या. ते दोघंही मला बोलून गेले. मग तुझे बाबा खिडकीशी आले. 'नाहीत का मॅडम?' मी म्हटलं, 'नाहीत सर.' तर म्हणतात, 'असू दे. तुम्हीही दमला असाल. उद्या येतो.'"

"मग?"

"उद्या कसले येतायत! रात्रीच अंथरूण धरलं, ते शेवटचं. पुढचं तुला माहीत आहे."

माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. कुंदाईने डोळे पुसले आणि तिला जे येत होतं तेच बोलली बिचारी. "आई, त्या आठवड्यातली मर्यादा मी शोधून काढलीय. मिळाले असते तरी औषधाची एक बाटली आली नसती."

"ठाऊक आहे गं. मी बँकेत होते."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. ती उठली, फुंकर घातली, पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली. "मी भांडेन समितीशी. सर नाही भांडले तर मी भांडेन. तुझंच नाव छापून येईल. सगळ्या गावाला वाचू दे, कोण होती ती बाई ते."

"नको," मी म्हटलं. "खोटंच घाल."

"अगं, पण मघाशी तर तू..."

"मघाशी शिव्या देणाऱ्यांना उत्तर द्यायचं होतं मला. आता त्यांतला एकही चेहरा आठवत नाही बघ. तुझ्या बाबांचा तेवढा आठवतो, आणि त्यांनी शिवी दिलीच नाही गं."