उजव्या मांडीचं माप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे हो, माप घेणारा! सगळं आयुष्य मी एका टेलर मास्तरांच्या गळ्यात काढलं. माझे सुरुवातीचे आकडे केव्हाच पुसले गेले, पण मास्तरांना ते पाठ होते. "मास्तर, तुमच्या हातची पँट म्हणजे बघायलाच नको!" असं कुणी म्हटलं की मीही जरा ताठ व्हायचो. हसू नका, लोंबकळणाऱ्यालाही अभिमान असतो.

मास्तर स्वतःच्या पँटी स्वतःच शिवायचे. एकदा त्यांची उजवी मांडी डावीपेक्षा जाड भरली. आत खोल एक घट्ट गाठ होती. दुखत नव्हती. मेली दुखली असती तर बरं झालं असतं! दवाखान्यात जायचं सोडून मास्तरांनी उजव्या पायाची शिवण उसवून सैल केली. पुढच्या पँटीला तिथे कापडच जास्त धरलं. हात इतका सफाईदार की बायकोला, लेकीला, कुणालाच पत्ता लागला नाही. माप मात्र दर वेळी वाढत होतं. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

शेवटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना लेकीला एका पँटीचे दोन पाय जुळेनात.

"बाबा, हे काय? तुमच्या हातून असं कापलं जाणं शक्यच नाही."

मास्तरांनी मग गाठीचं सगळं सांगून टाकलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं. "चरबीची गाठ आहे, काढून टाकू," म्हणाले. काढली आणि फेकून दिली, तपासायला पाठवलीच नाही. टाके सुकले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्याच व्रणाखाली गाठ पुन्हा वर आली, आधीपेक्षा मोठी.

मोठ्या रुग्णालयात मी मास्तरांच्या खिशात होतो. तिथे एमआरआय झाला, जाड सुईने तुकडा काढून तपासला. सर्जनबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मास्तर, हा सार्कोमा आहे. मांसात, चरबीत होणारा कॅन्सर. फार थोड्यांना होतो. नुसती गाठ काढून भागत नाही, भोवतीचं चांगलं मांसही काढावं लागतं. पहिल्या वेळी ते राहिलं. आता त्याने पायाची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही वेढलेत."

"आणि पाय?"

"नाही वाचवता येणार."

"अहो, मी पायाने मशीन चालवतो," मास्तर म्हणाले. लेकीने तोंड फिरवलं.

पाय मांडीपासून गेला. घरी आल्यावर लेकीने मला हातात घेतलं. माप घ्यायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"बाबा, नवी पँट शिवते. उजवीकडे कसं करू?"

"दोन्ही पाय कर गं. एका पायाची पँट मला कुणी शिकवलीच नाही," म्हणून ते हसले. ती नाही हसली.

त्या पँटीची खालची दुमड घालायची राहिली होती, तेवढ्यात फुफ्फुसांत डाग दिसले. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं सर्जनबाईंनी सांगितलं. पँट अंगाला लागलीच नाही. मास्तर गेले.

मित्रांनो, दुखत नाही म्हणून वाढणारी गाठ झाकून ठेवू नका. घरच्यांना दाखवा, आणि नीट तपासल्याशिवाय तिला सुरी लावू देऊ नका. मी खिळ्याला टांगलेला एक टेप, माझं कोण ऐकणार! पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

काल लेकीने ती पँट घडी घालून ठेवली. दोन्ही पाय तंतोतंत जुळले, आणि ती मला तोंडाशी धरून ढसाढसा रडली.