टिल्लूची कंबर

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी एक जुनी मोजपट्टी आहे, आणि खरं सांगायचं तर मी पार वैतागले आहे. कारखान्यात माझ्या अंगावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकले. मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्याच घरात माझे निम्मे आकडे झिजले.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान माप बाईंच्या मुलाचं. तो पावणेदोन किलोचा जन्मला. झबल्यासाठी मला त्याच्या छातीभोवती गुंडाळलं, तेव्हा आकडा वाचून बाई रडल्या. शेजाऱ्यांनी त्याचं नाव टिल्लू पाडलं. बाई हट्टालाच पेटल्या. आणखी एक घास, आणखी अर्धी वाटी, असं त्याला भरवायच्या, आणि त्याच्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडायच्या. "वाढतं अंग आहे," म्हणायच्या. माझ्यावरचा आकडा पुढे सरकला की त्यांचा चेहरा उजळायचा. मलाही तेव्हा ते फार आवडायचं.

पण टिल्लूने चाळिशी ओलांडली, आईचं मशीन त्याच्याकडे आलं, तरी ते वाढतं अंग काही संपेना! हातपाय काड्यांसारखे, आणि मध्ये पोट. पँट घट्ट झाली की बाई मुकाट्याने मागची शिवण उसवून कापड सोडायच्या. मला विचारतो कोण? विचारलंच, तर हे महाशय मला पोटाखाली बांधायचे, श्वास आत ओढायचे आणि म्हणायचे, "बत्तीस! लग्नात होती तेवढीच." गिऱ्हाइकाने पोट आत घेतलं तर "श्वास सोडा, साहेब" असं दटावणारा माणूस हा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

एकदा मी नीट बेंबीवर बसले आणि अडतीस दाखवले. "टेप ताणली गेलीये," म्हणाला. अरे शहाण्या, मी ताणली गेले असते तर माप कमी भरलं असतं! पण मला बटणांच्या डब्यात कोंबून त्याने नवी टेप आणली.

मग एक डॉक्टरीणबाई कोट शिवून घ्यायला आल्या. माप घेणाऱ्या टिल्लूच्या अंगठ्यावरची पट्टी त्यांना दिसली.

"कात्री लागली. महिना झाला, भरतच नाही," तो म्हणाला.

"साखर तपासलीत?"

"मला कसली साखर? हात बघा माझे. फुंकर मारलीत तर उडेन."

"पोटही उडेल का? जन्मलात तेव्हा वजन किती होतं?"

बाईंनी अभिमानाने सांगितलं, "पावणेदोन किलो! तळहातावर मावायचा."

दुसऱ्या दिवशी तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. कोट न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना आमच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं का हो?"

"नाही, मावशी. तुम्ही त्याला जगवलंत. पण आईच्या पोटात ज्यांना कमी मिळतं, त्यांचं शरीर पुरवून वापरायला शिकतं. पुढे भरपूर मिळालं की ते पोटाभोवती साठवतं. मग साखर, रक्तदाब यांचा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण अशा माणसाने बारीक हातपाय बघून गाफील राहू नये."

त्या संध्याकाळी बाई टिल्लूची पँट उसवायला बसल्या. आत सोडायला कापड उरलंच नव्हतं. मग त्यांनी मला डब्यातून बाहेर काढलं.

"इकडे ये. श्वास सोड."

"आई, नवी टेप आहे ना..."

"सोड म्हणते ना!"

त्यांनी आकडा मोठ्याने वाचला आणि बरोब्बर तेवढीच पँट बेतली.

"दोन बोटं जादा नाही सोडलंस?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आता वाढायचं नाही, बाळा."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असं इवलंसं जन्मलेलं असेल, तर ते आता मोठं झालं म्हणून विसरू नका. त्याला चालायला न्या, त्याची साखर वेळच्या वेळी तपासा. आणि मला कमरेला लावाल तेव्हा कृपा करून श्वास सोडा. खोट्या मापाने माझं काय जातं?

टिल्लू आता रोज चालतो, कुरकुरत का होईना. परवा बाईंनी मला पुन्हा त्याच्या बेंबीवर टेकवलं. आकडा अर्धा इंच मागे आला होता, आणि बाईंचा चेहरा उजळला.