मराठी बाजू

“किल्ली,” आकारामने वाचलं आणि मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. “वाक्य असं हाय. घराची किल्ली माझ्याकडे राहील. हं, बोल.”

समोर खुर्चीत बसलेल्या रेश्माने कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले, पंख्याकडे बघितलं. ‘श्ल्युसेल’ हा शब्द जिभेवर तयार होता. तो तिने गिळला आणि ती खिडकीचा शब्द म्हणाली, “फेन्स्टर.”

आकारामने कार्ड उलटलं. मोबाइलमधली बाई स्वच्छ आवाजात ‘श्ल्युसेल’ म्हणाली. सुनेचं उत्तर आणि बाईचं उत्तर जुळत नाही, एवढं कळायला जर्मन यावं लागत नव्हतं. त्याने ‘अगेन’ लिहिलेल्या लाल बटणावर अंगठा दाबला.

“अगेन. एवढ्यात एखादी म्हैस बोलाय लागली असती.”

आतून, चुलीपासून, त्याच्या बायकोने, बनुबाईने भर घातली, “आन् म्हणं बी.एस्सी.”

सासऱ्याने सुनेची सकाळी चहानंतर अशी परेड घ्यायची, ही व्यवस्था जर्मनीतून लागली होती. आकारामचा मुलगा ऋषिराज तिथे एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. लग्न करून तो तीन आठवड्यांत परत गेला, आणि बायकोला तिकडे न्यायचं तर तिला जर्मनची पहिली परीक्षा पास व्हावी लागणार होती. म्हणून त्याने कार्डांचं सॉफ्टवेअर तिच्या मोबाइलवर घालून दिलं आणि शब्दांचा गठ्ठा स्वतः तयार केला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. उत्तर बरोबर आलं की कार्ड काही दिवस तोंड दाखवत नाही, चुकलं की पाच-दहा मिनिटांत पुन्हा दारात हजर. एकच शब्द फार वेळा चुकला तर ते सॉफ्टवेअर त्याला ‘जळू’ ठरवून बाजूला काढतं. ऋषिराज तिकडे बसून त्या जळवा पुन्हा गठ्ठ्यात सोडत असे. खातं दोघांचं एकच होतं. कुठला शब्द कधी चुकला, किती वेळ विचार केला, सगळं त्याला तिथे दिसायचं.

पहिल्या महिन्यात मात्र त्याला हिरवंच हिरवं दिसलं होतं. तेव्हा नुसते शब्द होते. पाणी, पाव, मीठ, टेबल. रेश्मा तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑफिसात बसायची. जाता-येता एस.टी.त तिची कार्डं व्हायची, आणि दुपारच्या डब्याला बरोबरच्या बायकांना ती भाजीचं, चटणीचं जर्मन नाव सांगून हसवायची. तिला जायचं होतं. बर्फ बघायचा होता. नवरा मोजकं बोलतो, पण सवय नसेल बिचाऱ्याला, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

मग दुसरा गठ्ठा आला. शब्द वाक्यात शिकला की पक्का होतो, म्हणून ऋषिराजने प्रत्येक शब्दाखाली एकेक वाक्य घातलं होतं. ‘उशीर’च्या खाली लिहिलं होतं, जेवायला उशीर झालेला मला चालत नाही. ‘पगार’च्या खाली, माझ्या पगारात भागतं, तू घरी बसायचं. ‘शेजारी’ आला तेव्हा शेजाऱ्यांशी बोलायचं काही काम नाही. ‘मोठ्याने’ आला तेव्हा बायकोने मोठ्याने हसू नये. रेश्माला आधी वाटलं, चेष्टा करतोय. रात्री व्हिडिओ कॉलवर तिने हसत हसत विचारलंही. तो हसला नाही. त्यात काय एवढं, घरात रोज लागतील अशीच वाक्यं घेतलीत, असं म्हणाला.

‘रोज लागतील’ हे दोन शब्द तिच्या छातीत जाऊन बसले. ती घाबरली. इथे निदान एस.टी. होती, ऑफिस होतं, तास-दोन तासांवर माहेर होतं. तिकडे कुलूपबंद घरातून कोणाला हाक मारायची? तिने रहिमतपूरला वडिलांना फोन करून सांगितलं, मला जायचं नाही. वडिलांना कार्डावरची वाक्यं म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या धड्यांसारखी वाटली. लोक परदेशी जायला नवस बोलतात आणि तू अभ्यासाची वाक्यं घेऊन रडतेस, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर रेश्मा विसरायला लागली. नाही म्हणणाऱ्या सुनेला चारजण बसून समजावतात. मठ्ठ सुनेपुढे सगळेच हात टेकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मठ्ठपणा सोपा नव्हता. ऋषिराज फोनवर बोलायचा ते तर बोलायचाच, पण आकाराम फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. एका रिक्रूटला पाय जुळवून चालता येत नाही, म्हणजे तो मुद्दाम आपला अपमान करतोय असंच त्याला वाटे. गल्लीतल्या माणसांसमोर तो तिला ‘आमचं जर्मन’ म्हणायचा. बनुबाई जेवताना दुसरी भाकरी ताटात टाकताना म्हणायची, खा, डोक्याला तेवढीच ताकद. रेश्मा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकायची. परीक्षेची तारीख एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा.

एका दुपारी ती परसात भांडी घासत होती. बनुबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

“तू मठ्ठ न्हाईस,” ती म्हणाली.

रेश्माचा हात तव्यावर थांबला.

“मठ्ठ माणूस कवातरी चुकून बरोबर येतंय. तू एकदाबी चुकून बरोबर आली न्हाईस. येवढं नेमानं चुकायला आदी बरोबर म्हाईत असाय लागतंय.”

“आत्या, आण्णांना सांगू नका,” रेश्मा सासूला म्हणाली.

बनुबाई तव्याच्या कडेला काळं राहिलंय तेवढं दाखवून आत गेली. त्या दिवसापासून रेश्मा सासऱ्यापेक्षा सासूला जास्त भ्यायला लागली. ही बाई आज सांगेल की उद्या, एवढंच तिच्या डोक्यात असायचं. बनुबाईचे टोमणे मात्र आधीसारखेच चालू राहिले.

रविवारी ऋषिराजचा व्हिडिओ कॉल आला. आकारामने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. रेश्मा खांबाशी उभी होती. ऋषिराजने रजा काढल्याचं सांगितलं. पुढच्या पंधरवड्यात येतो, दोन आठवडे स्वतः तिला बसवतो, परीक्षा देववतो आणि व्हिसाचा अर्ज भरूनच परत जातो, असा सगळा बेत त्याने वडिलांपुढे मांडला.

“लाडानं शिकवून झालं,” तो म्हणाला. “मी समोर बसलो की दोन दिवसांत तोंड उघडेल तिचं.”

“ये बाबा,” आकाराम म्हणाला. “माझ्या आवाक्याबाहेर गेलं हे.”

बनुबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने मोबाइल उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

“येऊ नगंस. ती मठ्ठ हाय. ह्या जन्मात तिला यायचं न्हाई. रजा फुकट घालवू नगं.”

“आई, पहिल्या महिन्यात येत होतं तिला सगळं. मला इथे दिसतंय.”

“दिसू दे. मी सांगती न्हवं, मठ्ठ हाय.”

“तुला काय कळतं त्यातलं? जर्मन येतं का तुला?”

“जर्मन न्हाई येत,” बनुबाई म्हणाली. “मराठी येतंय की. तुझा बा रोज सकाळी वाचतोय आन् मी चुलीम्होरं ऐकती. त्यात नवं एकबी वाक्य न्हाई, ऋषी. समदी ह्याच घरातली हायती.”

आकारामने फोनसाठी हात पुढे केला, पण तो कोणाकडे बघत नव्हता. आवाज नीट येत नाही असं म्हणून ऋषिराजने कॉल बंद केला. त्या दिवशी आकारामने बायकोच्या हातचं ताट दूर सारलं. बनुबाईने ते उचललं, पुन्हा वाढलं नाही.

परेड मात्र चुकली नाही. सोमवारी चहा झाला तसा आकारामने चष्मा लावला आणि मोबाइल मागितला.

“शेजारी,” त्याने वाचलं. पुढे वाचायला म्हणून त्याने बोटाने पडदा खालीवर केला. तिथे काही नव्हतं. त्याने पुढचं कार्ड बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. सगळीकडे नुसते शब्द होते. ऋषिराजने रातोरात वाक्यं काढून टाकली होती.

रेश्माने ते सकाळीच बघितलं होतं. क्षणभर तिला वाटलंही होतं की आईचं बोलणं त्याला लागलं असेल. मग कार्डं बंद केल्यावर तिला त्याचा मेसेज दिसला. घरच्या सगळ्यांना एकदमच पाठवलेला, विमानाच्या तिकिटाचा फोटो. वाक्यं काढली होती, येणं रद्द केलं नव्हतं. आता ती वाक्यं तो समोर बसून बोलणार होता. मठ्ठपणाने ते टळणार नव्हतं.

“शेजारी,” आकाराम पुन्हा म्हणाला.

“नाखबार.”

मोबाइलमधली बाईही तेच म्हणाली. आकारामचा अंगठा सवयीने लाल बटणावर गेला होता. तो तिथून हलायला वेळ लागला.

“उशीर.”

“श्पेट.”

“पगार.”

“गेहाल्ट.”

तो वाचत गेला. ती छताकडे न बघता उत्तरं देत गेली. प्रत्येक उत्तरागणिक त्याचा आवाज बारीक होत होता. गठ्ठा संपला तेव्हा मोबाइलने अभिनंदन केलं. आकारामने चष्मा काढला.

“म्हंजे येतंय तुला.”

“पहिल्यापास्नं येतंय.”

“मग इतकं म्हैनं आमाला येडं करत हुतीस?”

“व्हय.” रेश्मा उभी राहिली. “मला जायचं न्हाई, आण्णा. मठ्ठ हाय म्हणून न्हवं. मला त्यांच्याकडं जायचं न्हाई.”

“हे त्याला कोण सांगणार?”

“फोन द्या. मीच सांगते.”

आकाराम फोन मुठीत घट्ट धरून बसला. चुलीपासून उठून बनुबाई दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. रेश्माने पुढे केलेला हात तसाच ठेवला.