दोन टाचण्या

एल्विराने टाचणी नकाशात खुपसली, पण ती आत जाईना. चष्मा सारखा करून तिने वाकून पाहिलं. टेलर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, बरोबर त्याच घरावर, कुणीतरी आधीच एक टाचणी टोचून ठेवली होती.

"मारिबेल, इथे कुणीतरी चुकलंय गं."

मारिबेल शाळेत शिकवायची आणि चर्चच्या सभागृहातला हा रविवारचा उद्योग तिचाच होता. पस्तीसेक वर्षांपूर्वी विद्यापीठासाठी जुनी वस्ती पाडली, तेव्हा शिकागोतली ही मेक्सिकन माणसं इकडे अठराव्या रस्त्यावर आली, काही आणखी पश्चिमेला सरकली. त्या सगळ्यांनी आपापलं पाडलेलं घर नकाशावर दाखवायचं, एवढंच काम. मग गोड पाव आणि कॉफी.

"चुकलं नसेल, मावशी. एकेका इमारतीत सहा-सहा बिऱ्हाडं होती ना." मारिबेलने वहीत बोट फिरवलं. "दुसरा मजला, मागची खोली. साल सेहेचाळीस ते एकोणपन्नास."

"दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली आमची होती."

"मग फाउस्तिनोकाकांनाच विचारा. ते बघा, खिडकीशी."

खिडकीशी एक किडकिडीत म्हातारा गुडघ्यावर टोपी ठेवून, पाव कॉफीत बुडवून खात होता. एल्विराने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. तिने आपलं नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि जरा चढ्या आवाजातच म्हणाली,

"तिथे आम्ही राहायचो. आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ. तुम्हाला शेजारची इमारत आठवत असेल."

"जिना बाहेरून होता, लाकडी," तो म्हणाला. "वरून तिसरी पायरी नव्हतीच."

"पायऱ्या सगळ्यांच्याच मोडक्या होत्या."

"दार हिरवं."

"निळं!"

"असेल. मी पोचेपर्यंत माझे डोळे मिटत आलेले असायचे."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. एल्विराला हसू आलं नाही. हा माणूस थट्टा करतोय की याचं वय झालंय, तिला उमगेना.

"लोखंडी पलंग," तो सावकाश पुढे म्हणाला. "त्याच्याभोवती पडदा. आडवं झालं की वर छताला ओलीचा डाग दिसायचा. बुटासारखा."

"बदकासारखा," एल्विरा बोलून गेली.

पडद्यामुळे तो डाग खोलीतून दिसतच नसे. पलंगावर पाठ टेकावी तेव्हाच दिसे. त्या पलंगावर ती आणि तिचा भाऊ झोपायचे.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"भाडेकरू. खाटीकखान्यात रात्रपाळीला होतो. तुम्ही दोघं शाळेत गेलात की मी यायचो, तुम्ही परतायच्या आत उठून जायचो. तुमच्या वडिलांनीच आणलं मला. आधी रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर आम्ही एका टोळीत होतो. अट एकच, पोरांना कळता कामा नये."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं. अभ्रा मात्र तुमची आई रोज बदलायची."

हिवाळ्यात शाळेतून आल्या आल्या दोघं बहीणभाऊ पलंगावर उड्या मारायचे, तेव्हा गादी उबदार लागायची. खालच्या बेकरीची भट्टी, आई सांगायची. गल्लीतल्या बाया भाडेकरू ठेवायच्या म्हणून आई त्यांना नावं ठेवायची. आमच्या घरात परका माणूस कधी झोपला नाही, हे तिचं वाक्य एल्विराने आपल्या दोन्ही सुनांना कितीदा ऐकवलं होतं. आता ती मनातल्या मनात त्या खोलीत एक माणूस झोपवून बघत होती, आणि तो कुठे मावत नव्हता. त्याला पलंगावर ठेवलं की आई कुठे उभी राहणार, हेच तिला सुचेना.

"वहीत काय लिहू, मावशी?" मारिबेलने लांबून विचारलं. "एक टाचणी काढायची का?"

"थांब जरा."

"बाई भली होती," फाउस्तिनो म्हणाला. "मला जाग येऊ नये म्हणून थंडीतसुद्धा अनवाणी वावरायची. पडद्यापलीकडे शिवत बसायची. हळूच गायचीही."

"माझी आई गात नसे."

निदान एवढं तरी तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नात नाही, चर्चमध्ये नाही. बाळांना झोपवतानासुद्धा ती नुसती पाठीवर थोपटायची.

"गायची," तो म्हणाला. वाद घालावा असा त्याचा सूर नव्हता. "रोज."

एल्विराने मारिबेलकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. हातातली टाचणी कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून तिने ती स्वेटरच्या बाहीला लावली. मग भिंतीजवळची खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली.

"कुठलं गाणं?"

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. त्याचे ओठ हलले, थांबले.

"ते नाही सांगता येणार. पहिल्या ओळीपुढे मी कधी जागा राहिलोच नाही."

"मग पहिली ओळ म्हणा," एल्विरा म्हणाली.