सुभेदारांचं पिठलं

लालासाहेब फौजेत सुभेदार होते. बर्फात राहिले, वाळवंटात राहिले, पण पलूसच्या स्वतःच्या घरात चुलीपुढं कधी बसले नाहीत. ताट पुढ्यात यायचं, हात धुवायचे नि जेवायचं, एवढंच ठाऊक. त्यात त्यांचा दोष तरी काय? बायकोनं, बनुबाईनं, स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला तर ना!

तीच बनुबाई गेल्या उन्हाळ्यात मिरजेच्या दवाखान्यातून परत आली ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. लेक शिवांजली साताऱ्याला चला म्हणून रडली. बनुबाई हलली नाही. खाट तेवढी स्वयंपाकघराच्या दारात टाकून घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, हिकडं या. मी गेल्यावर कुणाच्या दारात ताट घिऊन हुबं ऱ्हायाचं न्हाई. लेकीच्या बी न्हाई. शिका."

झालं, सुभेदारांची नव्यानं भरती झाली! पिठलं, तुरीची आमटी, हुलग्याचं माडगं. डब्यात असेल त्यावर भागवायचं, उठसूट बाजारात धावायचं नाही. पिठल्यात गोळे झाले, फोडणी करपली, भाकरी तव्यावर पडण्याआधीच फाटली. त्यात या घरची रीत अशी, की देवाला निवद दाखवल्याशिवाय थेंबभरसुद्धा चाखायचं नाही.

"चाखायचं न्हाई, मग मीठ कसं कळायचं गं?"

"मला जलमभर कळलंच की! नाक काय शोभंला लावलंय व्हय?"

लालासाहेब मनातून खूश व्हायचे. ती ओरडली की उशीवरून मान उचलायची आणि घटकाभर पहिली बनुबाई दिसायची. उमेदीची सारी वर्षं नोकरीत गेली होती. सुट्टीला यायचं नि जायचं, तिच्याशी एवढं बोलणं कधी झालंच नव्हतं. आत्ता कुठं खरा संसार सुरू झाला, नि तोही असा!

पण हळूहळू हात बसला. गोळे होईनात, फोडणी करपेना. बनुबाईला बोलायला काही उरेना, ती गप पडून राहायला लागली. आपलं शिकून झालं की ही जाणार, असं लालासाहेबांच्या मनानं घेतलं. खुळं मन, पण घेतलं ते घेतलं.

म्हणून एका दुपारी त्यांनी पिठल्यात मीठच घातलं नाही. देवाला निवद दाखवला, मनातल्या मनात माफी मागितली आणि बायकोला वाटी भरून दिली. आपलंही ताट घेऊन खाटेशी बसले. आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

बनुबाईनं एक घास घेतला. मग दुसरा. सावकाश सगळी वाटी संपवली.

"झ्याक झालंय," ती म्हणाली. "आलं आता तुमास्नी."

लालासाहेबांना रडू आवरेना. "आगं, मीठ न्हाई त्यात! खडासुदिक न्हाई! बोल की मला!"

"ठावं हाय," तिनं त्यांच्या डाव्या मनगटावर हात ठेवला. "पर किती दिस शिकवू? लय दमले मी आता."

लालासाहेबांनी डोळे पुसले, भाकरी मोडली आणि ते अळणी पिठलं तसंच खाल्लं. मिठाला उठावं लागलं असतं, नि तिचा हात अजून मनगटावर होता.