मुन्शीच्या पाठीवरचं रक्त

मलकपेठच्या त्या फंक्शन हॉलमध्ये रविवारी सकाळी माणसांपेक्षा कुत्री जास्त होती. पामेरियन, लॅब्रॅडॉर, गल्लीतून उचलून आणलेली, शिवाय टोपल्यांत चार-सहा मांजरं. सगळी एकाच जाड सतरंजीवर बसून जिवाच्या आकांताने खाजवत होती. समोर स्टेजवर श्वाननाथ महाराज. पाच वर्षांपूर्वी हे गृहस्थ आबिड्सला घड्याळांचे पट्टे विकायचे, आता मुक्या प्राण्यांचे भोग वाचतात. प्रगती म्हणतात ती ही.

महाराजांनी एका कुत्र्याच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली, फणीतली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापडावर झटकली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मिनिटभरात त्या काळ्या कणांभोवती लालसर डाग पसरले. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले.

"देखो मायबाप," महाराज म्हणाले, "घरावरची करणी ह्या मुक्या जनावरानं अंगावर घेतली, म्हणून रक्त बोलतंय. आता हे घरात राहिलं की पीडा मालकावर. अमावस्येला मुसी नदीच्या पल्याड सोडून या. पीछे मुडके देखना नक्को."

हॉलभर 'हौ, हौ' झालं. मला हसू दाबता येईना. मी कोठीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पांढऱ्यावर लाल म्हणजे हळद आणि चुना, हे मी अकरावीच्या पोरांना पहिल्या आठवड्यात दाखवते. पण शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि हसू विरलं. मांडीवरच्या आमच्या कुत्र्याला, मुन्शीला, त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

सासऱ्यांचं नाव एकनाथराव, आम्ही नाना म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी वकिली केली. सासूबाई गेल्यावर ते जवळजवळ बोलेनासे झाले. बोलत ते फक्त या पांढऱ्या पामेरियनशी. सकाळचा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येक बातमीवर त्याचं मत विचारायचे. त्याच मुन्शीच्या शेपटीच्या मुळाशी दोन महिन्यांपासून केस गळले होते, कातडी लालभडक झाली होती. महाराजांनी त्यालाही सोडून यायला सांगितलं होतं, आणि अमावस्या शनिवारी होती.

घरी येताच मी नानांपुढे हळद-चुन्याचं व्याख्यान सुरू केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझं पितळ उघडं पाडलं. महाराजांवर त्यांनी आंधळा विश्वास ठेवलाच नव्हता. घरची फणी, घरचा रुमाल आणि नळाचं पाणी घेऊन त्यांनी स्वतः तपासणी केली होती. मुन्शीची पूड लाल झाली. वरच्या मजल्यावरच्या समीरच्या लॅब्रॅडॉरवर तीच फणी फिरवली, तर फणीत नुसते केस आले आणि रुमाल पांढराच राहिला.

"सुप्रिया, यापेक्षा कमी पुराव्यावर लोकांना जन्मठेप झालेली मी पाहिली आहे," ते म्हणाले.

मी ईर्ष्येला पेटले. कॉलेजातून शुद्ध पाणी आणि गाळणकागद आणला, फणी उकळून घेतली, नवऱ्याला साक्षीदार म्हणून उभं केलं. कागदावर पूड झटकली. ती ऐटीत लाल झाली. ना हळद, ना चुना. माझा नवरा मकरंद फार विचारी चेहरा करून म्हणाला, की मंत्र न म्हणताही चालतो म्हणजे मंत्र भलताच जोरदार दिसतो. मी त्याला स्वयंपाकघरात पाठवलं.

नानांना मात्र जिंकल्याचा आनंद नव्हता. त्यांनी मुन्शीची वाटी धुऊन पुसली, एका पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, "वाटी बरोबर द्यायला चालेल ना गं?" मला रडू कोसळलं.

शुक्रवारी मी तो कागद, मुन्शी आणि नाना, तिघांनाही घेऊन डॉक्टर दीक्षाचा दवाखाना गाठला. दीक्षा माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील नांदेडहून इथे नोकरीला आले, ती इथेच शिकून जनावरांची डॉक्टर झाली. तिने कागद पाहिला आणि इतकी हसली, की टेबलावरचं मांजर दचकून कपाटावर चढलं.

"मॅडम, तुम्ही भेसळ शोधत बसलात. रक्त खरंच आहे. मुन्शीचंच आहे."

मग तिने मुन्शीच्या शेपटीजवळचे केस बाजूला केले. एक तपकिरी ठिपका टुणकन उडून नाहीसा झाला. पिसू. पिसवा कुत्र्याचं रक्त पितात आणि त्याची वाळकी काळी विष्ठा केसांत टाकतात. तिच्यात न पचलेलं रक्त असतं, म्हणून पाणी लागलं की लाल रंग सुटतो. पिसवा आहेत की नाहीत हे ओळखायची ही डॉक्टरांची अगदी साधी चाचणी. "महाराजांनी चाचणी आमची घेतली, निकाल स्वतःचा लावला," दीक्षा म्हणाली. समीरच्या लॅब्रॅडॉरच्या मानेवर ती दर महिन्याला औषधाचे थेंब टाकत होती. त्याच्या अंगावर पिसवाच नव्हत्या, मग लाल काय होणार? आणि मुन्शीला होती पिसवेच्या लाळेची अॅलर्जी. अशा कुत्र्याला दोन-चार चावेसुद्धा आठवडाभर पुरतात.

नानांनी एकच शंका काढली. महाराजांकडून आल्यावर दर वेळी मुन्शीची खाज वाढायची, ती का? तिथे बसता कशावर, असं दीक्षाने विचारलं. नाना हळूच म्हणाले, "सतरंजीवर." बऱ्याच वर्षांनी मी त्यांचा कोर्टातला चेहरा पाहिला.

शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. संध्याकाळी सगळे मिळून कुत्री सोडायला निघणार होते. नाना काळा कोट घालून स्टेजवर चढले. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पण आवाज खणखणीत होता. पूड ओली केल्यावर लाल झाली म्हणजे करणी, हे खरं ना, असं त्यांनी महाराजांकडून सर्वांसमोर वदवून घेतलं. ही सतरंजी कुणाची, हेही विचारलं. महाराज ऐटीत म्हणाले, "गुरूंची. एकदम पाक-पवित्र हाय."

नानांनी खिशातून कपड्यांचा ब्रश काढला, सतरंजी झाडली आणि जमलेली धूळ महाराजांच्याच ओल्या कापडावर टाकली. मिनिटभर सगळा हॉल माना उंचावून बघत राहिला. कापडावर लाल ठिपकेच ठिपके उमटले.

"तर मग महाराज, तुमच्या गुरूंवर करणी कुणी केली?"

महाराज उत्तर जुळवत असतानाच त्यांच्या उजव्या पायाने डावा घोटा खसाखसा खाजवला. आधी एक म्हातारी हसली, मग अख्खा हॉल. कुत्रीही भुंकायला लागली. महाराजांना अचानक महत्त्वाचा फोन आला आणि तो घ्यायला ते मागच्या दाराने गेले ते गेलेच.

मग दीक्षा उभी राहिली आणि तिने सगळं पुन्हा नीट सांगितलं. हशा चालू होता, टाळ्या चालू होत्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. रजनी तिचं नाव. तिच्याजवळ कुत्रं नव्हतं.

"आम्ही गेल्या अमावस्येला टायगरला सोडून आलो," ती म्हणाली. "पुलापर्यंत स्कूटरमागं पळत आला होता. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहू नका म्हणाले होते."

नानांनी मुन्शीला माझ्याकडे दिलं आणि रजनीला म्हणाले, "चला, शोधू." पंचवीस-तीस माणसं त्यांच्यामागे निघाली. चादरघाटच्या पुलापासून आठ दिवस आम्ही शोधलं. मुन्शीच्या पाठीवर आता नवे केस उगवताहेत. टायगर अजून सापडलेला नाही.

तेव्हा माझं ऐका. चमत्कारामागे दर वेळी हळद-चुनाच असतो असं नाही. कधी कधी डोळ्यांना दिसतं ते खरं असतं आणि त्याचा सांगितलेला अर्थ तेवढा खोटा. तुमचं कुत्रं, मांजर खाजवत असेल तर फणी आणि ओला कागद घ्या. डाग लाल आला तर डॉक्टरकडे जा, घरातल्या प्रत्येक जनावराला त्याच्या वजनाप्रमाणे औषध द्या, आणि कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, गालिचे झाडा, कारण पिसवांची अंडी तिथेच असतात. औषध महिन्याच्या महिन्याला चालू ठेवा. आणि कुणी मागे वळून पाहू नका म्हणालं, तर आधी तिथेच थांबा आणि मागे वळून पाहा.