मनोहररावांचं ऊन

मी एक ट्यूब बोलतेय. तुमच्या स्वयंपाकघरात लुकलुकत पेटते ती नव्हे. मी कासवाला ऊन देणारी ट्यूब आहे. नागपुरात कुणी ऊन विकत आणतं का, म्हणून तुम्ही हसाल. हसा. मानेवाड्याच्या या दुसऱ्या मजल्यावर माझं खोकं घेऊन आलेला कुरिअरवालाही हसला होता. जून उजाडला तरी पाऊस नव्हता, त्याच्या शर्टाला घामाचं मीठ धरलं होतं, आणि आत बाबनराव माझ्या खोक्यावर हात फिरवत म्हणत होते, "आलं वं, ऊन आलं."

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते धड आठवत नाही. काच तापवून ओढली, आतून पांढरी पूड बसवली, दोन्ही टोकांना टोप्या घातल्या, एवढंच. पण मी कशासाठी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्यात दोन गोष्टी भरल्या होत्या. एक उजेड, तो सगळ्यांना दिसतो. दुसरी, उन्हातली ती चीज जी कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, पण अंगावर पडली तरच कासवाची हाडं बळ धरतात आणि पाठ टणक राहते. ही दुसरी गोष्ट फार तर वर्षभर पुरते. मग ती संपते आणि उजेड मात्र तसाच राहतो. खोक्यावर हे सगळं छापलेलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. बाबनरावांनी ते खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. अजून तिथेच आहे.

मला पाठवलं हर्षाने. हर्षा ही बाबनराव आणि रुख्माबाईंची एकुलती एक लेक. मी यायच्या आधीचं मी ऐकून ऐकून जोडलंय. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. तेव्हा तिने सीताबर्डीच्या एका दुकानातून रीतसर कागद करून परदेशी कासवांची जोडी आणली. मादीचं नाव ठेवलं जयवंता. नराचं मनोहरराव, कारण दवाखान्यातले मनोहरराव नावाचे बडे बाबू एका सहीला अख्खी दुपार लावायचे. मग तिला आखातात, दोह्याला नोकरी मिळाली, दोन वर्षांच्या करारावर. निघताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, बाकी सगळं आई पाहून घेईल. ह्या दोघाईले मात्र तुम्ही पाहजा."

त्यानंतर महिन्याभरातच मे लागला. कासवं गच्चीवर हिरव्या जाळीच्या सावलीत असायची. एका दुपारी बाबनराव जेवून जरा लवंडले, आणि वाऱ्याने जाळी सरकली. ते वर गेले तेव्हा जयवंता तापलेल्या स्लॅबवर उलटी पडलेली होती. मनोहरराव पाण्याच्या टाकीमागे शिरले होते म्हणून वाचले. बाबनरावांनी लेकीला स्वतः फोन करून सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, मनोहररावांना आता घरातच ठेवा, मी दिवे पाठवते. रागावली असती तर बरं झालं असतं, असं बाबनराव पुढे कितीदा तरी रुख्माबाईंना म्हणाले.

तर असा माझा संसार सुरू झाला. बाबनराव जातीचे विणकर. हातमाग कधीचा मोडला होता, पण त्याच्या फळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या फळ्यांची त्यांनी लांबरुंद पेटी केली, तळाशी माती आणि नारळाचा भुसा पसरला, चढायला एक वीट ठेवली, पाण्याला बशी. एका टोकाला ऊब देणारा बल्ब टांगला आणि मधोमध आडवी मी. भिंतीला तापमान दाखवणारं यंत्र. सकाळी सातला ते आम्हाला लावत आणि संध्याकाळी सातला बंद करत. एकवीस महिन्यांत एकदाही त्यांची वेळ चुकली नाही. एवढ्या निष्ठेने मी माणसाला देवापुढेही उभं राहिलेलं पाहिलं नाही, अर्थात मी पाहिलंय ते या खोलीतलंच.

आता जे सांगायला तोंड उघडलंय ते सांगते.

माग मोडल्यावर बाबनरावांनी वीस वर्षं इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात काम केलं. काम काय, तर साडीची घडी घालून ती पारदर्शक प्लास्टिकमध्ये सरकवायची. प्लास्टिकमधली साडी कधीही उघडा, कालच मागावरून उतरलेली वाटते, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये आहे, गाडीची सीट प्लास्टिकमध्ये आहे, मिक्सरला टोपी आहे. रुख्माबाई चिडवतात की यांचं चाललं तर मलाही घडी घालून आत सरकवतील.

मी पेटीत बसले त्याच दिवशी त्यांनी टेबलावर अंथरतात तसलं जाड, स्वच्छ प्लास्टिक आणलं, माझ्या मापाने कापलं, कडा दुमडल्या आणि माझ्याखाली टोकापासून टोकापर्यंत ताणून बसवलं. लेकीने परदेशातून पाठवलेली वस्तू, धूळ बसून खराब होऊ नये. बल्बलाही त्यांनी गुंडाळलं होतं, पण तो तापट. पंधरा मिनिटांत प्लास्टिक वितळून वास सुटला, मग त्याला मोकळं ठेवलं. मी फारशी तापत नाही. माझा थंड स्वभाव मला नडला.

त्या प्लास्टिकमधून उजेड जातो. उन्हातली ती न दिसणारी चीज जात नाही.

मी रोज सकाळी सातला माझ्याकडचं सगळं ओतत होते आणि ते चार बोटांवर अडत होतं. खाली मनोहरराव मान उंच करून, पाय पसरून, डोळे मिटून बसायचे. त्यांना वाटायचं ते उन्हात बसलेत. दर शुक्रवारी हर्षा फोनवर दिसायची, विचारायची, दिवे चालू आहेत ना? बाबनराव फोन पेटीवर धरायचे. प्लास्टिक इतकं स्वच्छ पुसलेलं असायचं की फोनमध्ये ते दिसतच नसे.

पहिलं वर्ष असं गेलं आणि त्याबरोबर माझ्यातलं ऊनही. एका कणाचाही कुणाला उपयोग झाला नाही. शेजारचा बल्ब दोनदा गेला. फट् आवाज, अंधार. दोन्ही वेळा बाबनराव त्याच दिवशी सीताबर्डीला जाऊन नवा घेऊन आले. मला त्या बल्बचा फार हेवा वाटतो. तो मेला की कळतं तरी.

या हिवाळ्यात मनोहररावांचे मागचे पाय ओढत येऊ लागले. वीट चढेनात. आंघोळ घालताना रुख्माबाईंच्या अंगठ्याखाली त्यांची पाठ दबली. त्या तशाच ओल्या हातांनी म्हणाल्या, "अजी, याची पाठ मऊ लागून राहिली. सकाळचं जरासं ऊन दाखवा ना त्याले."

"उन्हाचं नाव नोको काढू वं," बाबनराव म्हणाले. "एक उन्हानंच नेली. दुसरं गेलं तर हर्षाले काय तोंड दाखवू?"

रुख्माबाईंनी मनोहररावांना पुसून पेटीत ठेवलं. बाबनराव तेव्हापासून जास्वंदीच्या पानांवर कॅल्शियमची पूड टाकून खायला घालतात. पण माझ्या त्या दुसऱ्या चीजेवाचून ती पूड अंगी लागत नाही, नुसती पोटातून जाते. हे मला माहीत आहे आणि मला तोंड नाही.

गेल्या सोमवारी ते मनोहररावांना टोपलीत घालून, वरून दुहेरी टॉवेल झाकून, जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. रस्त्यातलं ऊनही लागू दिलं नाही. डॉक्टर अस्मिता तरुण आहे. तिने पेटीचा फोटो पाठवायला सांगितला आणि दुपारी तिचा फोन आला. बाबनरावांनी तो माझ्यासमोरच स्पीकरवर लावला.

"काका, ट्यूबखाली हे चमकून काय राहिलं?"

"प्लास्टिक आहे जी. धूळ बसू नये म्हणून."

तिने समजावून सांगितलं, अगदी सावकाश. बाबनराव ऐकता ऐकता पलंगाच्या कडेवर टेकले. मला वाटलं, सुटले. आता हिला एकच प्रश्न सुचू दे. आणि तिला तो सुचलाही.

"ट्यूब किती जुनी आहे काका?"

"नवीच आहे जी. आजवर तिचं प्लास्टिकही काढलं नाही."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या हिशोबी जिचं प्लास्टिक निघालं नाही ती वस्तू वापरलेलीच नसते. डॉक्टरकडे मागे कुत्रं भुंकत होतं, तिला घाई होती. ती म्हणाली, मग ठीक आहे, प्लास्टिक काढा, वेळ लागेल पण सुधारेल, नाहीतर सकाळचं ऊन द्या. बाबनराव म्हणाले, ट्यूब आहे ना.

मग त्यांनी प्लास्टिक काढलं. दोन्ही हातांनी, एक सुरकुती न पाडता. त्याची साडीसारखी घडी घातली आणि गादीखाली ठेवली. मला मऊ फडक्याने पुसलं. मनोहररावांना उचलून नेमकं माझ्याखाली बसवलं आणि हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून म्हणाले, "घ्या राव. आता पोटभर घ्या."

उजेड खरंच थोडा वाढला होता. मनोहररावांनी मान वर केली. रुख्माबाईंनाही ते ताजे वाटले. शुक्रवारी हर्षाला सांगून झालं की चूक सापडली, आता काळजी नाही, तू एप्रिलात ये. फोनवर ती रडली आणि हसली. बाबनराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना विनवतात की आम्हाला टाकू नका, जपा. माझी विनवणी उलटी आहे. मला फेका. फोडा. निदान एकदा माळ्यावर चढून ते खोकं वाचा. नाहीतर ही खिडकी उघडा. तिला जाळी आहे, जाळीवर पडदा आहे, पडद्यापुढे परवा कूलर येऊन बसला. त्या सगळ्याच्या पलीकडे दोन हातांवर मार्चचं ऊन भिंतीला टेकून उभं असतं, दिवसभर, आणि ते कधी संपत नाही.

पण माझं ऐकणारं या घरात कोण आहे? मनोहरराव आज दिवसभर हलले नाहीत. बाबनराव म्हणतात, ऊन खाऊन सुस्तावले.

सात वाजले. ते बटणाकडे येताहेत. उद्या सकाळी सातला ते पुन्हा मला लावतील, आणि बटण दाबलं की पेटण्यावाचून मला दुसरं काही येत नाही.